पणती-कुंडीच्या साच्यात काय ओतावं: पीओपी (प्लास्टर ऑफ पॅरिस) की पांढरं सिमेंट?

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला दोन्ही मिळतात. पीओपी अर्ध्या-पाऊण तासात सिलिकॉनच्या साच्यातून सुटतं, नक्षीही रेखीव उमटते. पण पाणी लागलं की मऊ पडतं. पुण्याच्या पावसाळ्यात गॅलरीत ठेवायची सोय नाही. शोकेसपुरतं ठीक.

पांढऱ्या सिमेंटला धीर हवा. साच्यात २४ तास, मग आठवडाभर ओलं ठेवायचं, कारण सिमेंट वाळून नव्हे, पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होतं. कालवताना मात्र पाणी बेतानंच. जास्त झालं की तडे. ओतल्यावर साचा टेबलावर हलकेच आपटला की बुडबुडे वर येतात. हातमोजे हवेतच, ओलं सिमेंट कातडी सोलवटतं. (पीओपी तरी कुठे हाताला मऊ ठेवतं म्हणा!) कुंडी करायची असेल तर मी डोळे मिटून सिमेंटच घेईन.