बाकावर बसलेला रूकी रनिंग बॅक: ठेवायचा की द्यायचा?

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या फँटसी फुटबॉल लीगांमध्ये (खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ करायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीवर गुण मिळवायचे) हा प्रश्न हटकून निघतो. ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, हौसेनं घेतलेल्या रूकी (पहिल्याच मोसमातल्या) रनिंग बॅकला, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला, सामन्यात चार-पाच कॅरींच्या (बॉल घेऊन पळण्याच्या संधींच्या) वर काही मिळत नाही. त्याला धरून ठेवायचं, की त्याच्या बदल्यात आज खेळणारा कुणी घ्यायचा? बहुतेक जण रूकीचेच व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघतात. आमच्या मते आधी बघायचं ते त्याच्या पुढच्या सीनियरकडे.

त्यासाठी दोन केसेस शेजारी ठेवू: क्लीव्हलंड ब्राउन्सचा निक चब, 2018, आणि टेनेसी टायटन्सचा डेरिक हेन्री, 2016. दोघेही एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीतले, चब 35वा आणि हेन्री 45वा. दोघेही दणकट, मधून मुसंडी मारणारे, पण कॅच घेण्यासाठी फारसे न वापरले जाणारे. तरी चबची वाट सहा सामन्यांत मोकळी झाली. हेन्रीच्या नावावर खरी खळबळ झाली ती थेट तिसऱ्या मोसमाच्या डिसेंबरमध्ये, जॅक्सनव्हिलविरुद्धच्या 238 यार्ड आणि चार टचडाऊनच्या (बॉल प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याच्या) सामन्यात.

चबच्या पुढे कार्लोस हाइड होता. सहा सामन्यांत 114 कॅरी, 382 यार्ड, म्हणजे दर कॅरीला सरासरी जेमतेम 3.4. चबनं चौथ्या आठवड्यात ओकलंड रेडर्सविरुद्ध फक्त तीन कॅरींत 105 यार्ड आणि दोन टचडाऊन केले. फँटसीत तेच 22.5 गुण. तरीही पहिल्या सहा सामन्यांत मिळून त्याला 16 कॅरीच मिळाल्या, यार्ड 173. ही 10.8 ची सरासरी जशीच्या तशी घ्यायची नाही. रेडर्सविरुद्धच्या 63 आणि 41 यार्डांच्या दोन कॅरी बाजूला काढा: उरतात 14 कॅरी, 69 यार्ड, सरासरी 4.9. एवढी कात्री लावूनही तो हाइडच्या दीड यार्ड पुढे राहतो. 19 ऑक्टोबरला ब्राउन्सनी हाइडला ड्राफ्टमधल्या पाचव्या फेरीच्या पिकवर (निवडीच्या हक्कावर) जॅक्सनव्हिलला देऊन टाकलं. चबचा मोसम 996 यार्डांवर संपला.

हेन्रीच्या बाबतीत हीच कात्री लावायला जागाच नाही. डीमार्को मरेनं 2016 मध्ये 293 कॅरींत 1,287 यार्ड काढले, वर 53 कॅच. सरासरी 4.4. हेन्रीचे 110 कॅरींत 490, सरासरी 4.5. कोचनं बदल करावा असं काही कारणच नव्हतं. मरेला टायटन्सनी सोडलं ते 2018 च्या मार्चमध्ये.

आता कोच रूकीला का थांबवतो, ते बघू. बॉल घेऊन पळणं त्याला कॉलेजपासून येतं. अडतं ते पास प्रोटेक्शनमध्ये, म्हणजे पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकला अंगावर येणाऱ्यांपासून वाचवण्यात. थर्ड डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चारपैकी तिसरा प्रयत्न), सात यार्ड बाकी, आणि समोरच्या बचावाचे दोन लाइनबॅकर लाइनला चिकटून उभे आहेत. कोण येणार आणि कोण मागे सरकणार, हे रनिंग बॅकनं स्नॅपच्या (बॉल मागे देऊन डाव सुरू होण्याच्या) आधी ओळखायचं, आपल्या पुढच्या रांगेचा कॉल ऐकायचा, आणि आधी आतून येणाऱ्याला अडवायचं, कारण क्वार्टरबॅकपर्यंतची ती सगळ्यात जवळची वाट. एक चूक झाली की क्वार्टरबॅक आडवा. म्हणून कॅरी वाढल्या तरी थर्ड डाऊन रूकीकडे येईलच असं नाही. हाइड गेल्यावरही चबच्या मोसमभरात 20 कॅच होते, संघातल्याच दुसऱ्या रनिंग बॅकचे, ड्यूक जॉन्सनचे 47. प्रत्येक कॅचला एक गुण देणाऱ्या लीगमध्ये हा फरक चांगलाच जाणवतो.

तिसरा प्रकार वेगळाच: सीनियर हलत नाही, तरी रूकी उपयोगी पडतो. न्यू ऑर्लिन्सच्या ॲल्विन कमाराला 2017 मध्ये 16 सामन्यांत 120 कॅरी मिळाल्या, पण कॅच 81. मार्क इंग्रमनं त्याच मोसमात 1,124 यार्ड काढले, तरी कमाराचं काही अडलं नाही. डेट्रॉइटच्या जामीर गिब्जचंही 2023 मध्ये तसंच. डेव्हिड माँटगोमरीच्या 219 कॅरी, गिब्जच्या 182, वर 52 कॅच. असा खेळाडू कमी कॅरींना घाबरून देऊन टाकणं ही आमच्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक.

तेव्हा निर्णय घेताना बॉक्स स्कोअरवर (सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यावर) थांबू नका. स्नॅपची टक्केवारी, म्हणजे संघाच्या किती डावांत तो मैदानात होता, ते काढा, त्यात थर्ड डाऊन आणि गोल लाइनवर मैदानात कोण असतं ते वेगळं बघा. सीनियरची सरासरी चारच्या खाली, संघ हरतोय आणि त्याच्या कराराचं ओझं नाही, तर एनएफएलच्या ट्रेडची मुदत संपेपर्यंत रूकीला ठेवा. ही मुदत 2024 पासून नवव्या आठवड्यानंतरच्या मंगळवारी असते. पण तुमच्या लीगची मुदत आधी संपत असेल, तर ती धरून चाला.

सीनियर मरेसारखा खेळत असेल आणि लीग एकाच मोसमाची असेल, तर रूकीला देऊन टाका. द्यायचा मुहूर्त म्हणजे चबसारखा एखादा तीन कॅरींचा धमाका झाल्याचा आठवडा. तेव्हा भाव सर्वात चढा असतो. डायनॅस्टीत (खेळाडू वर्षानुवर्षं ठेवता येतात अशा लीगमध्ये) मात्र तोच हेन्री धरून ठेवायचा: 2019 मध्ये त्याचे 1,540 यार्ड झाले, 2020 मध्ये 2,027. आणि बाकावर एकच जागा उरली असेल, तर कॅच घेणारा रूकी आधी ठेवा. सीनियर जखमी व्हायची वाट न बघताही तो खेळवता येतो.