अशोकनगरचा बिनपाटीचा वाचनवर्ग

नाशिकमध्ये सातपूरला अशोकनगरात एक निवृत्त झेडपी शिक्षिका घराच्या वरच्या खोलीत पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवतात. पाटी नाही, बॅनर नाही, सगळे नुसतं ‘बाईंचा वर्ग’ म्हणतात. माझी लेक दुसरीत आहे, जूनपासून तिथे जाते. माझं मेडिकल असल्यामुळे औषधं घ्यायला येणाऱ्या आया काउंटरवरच चौकशी करतात, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते.

लेक शाळेचं पुस्तक घडाघडा वाचायची. बोट एका ओळीवर, तोंड भलत्याच. धडा पाठ होता, दुसरं काय! नवीन काही पुढे ठेवलं की चित्र बघून ठोकून द्यायची. लिहिलेलं ‘बोकड’, ही म्हणणार ‘शेळी’. बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तक उघडलंच नाही. कागदावर ‘मकील’, ‘लानी’, ‘कनमा’ असे काहीच्या काही शब्द लिहून वाचायला दिले. तिथे आमची गाडी अडली. इंग्लंडच्या शाळांत २०१२ पासून पहिलीच्या मुलांची अशीच तपासणी होते, ४० शब्दांत २० बनावट असतात. बनावट शब्द पाठ असायची सोयच नाही, त्यामुळे अक्षरं जुळवता येतात की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

क ते ज्ञ आणि मग अख्खी बाराखडी, असा क्रम इथे नाही. सुरुवातीला क, म, न, ल आणि काना, दुसरी वेलांटी, एवढंच. त्यातून नाक, कान, मामी, कमान, लगेच ‘लाल कमान’. ही घट्ट झाल्याशिवाय पुढचा गट नाही. रोज अक्षरांच्या आधी थोडा वेळ तोंडी खेळ असतो: “‘काम’मधला क काढ, न घाल.” “नाम!” पाटी-पेन्सिल काही नाही, नुसते कान. लेक ‘घर’ हा शब्द घऽ-रऽ असा ताणायची. बाई म्हणाल्या, “शेवटचा अ गिळून टाक गं,” आणि तिला गंमत वाटून ती दिवसभर सगळ्या शब्दांचे अ गिळत फिरत होती.

कोणतंही नवीन औषध आलं की मी आधी ‘कशावरून?’ विचारते, तसंच बाईंनाही विचारलं. त्यांनी २००० सालच्या अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलच्या अहवालाचं सांगितलं. तोवरचे अभ्यास तपासून या तज्ज्ञ समितीने निष्कर्ष काढला होता की अक्षर-आवाजाचं नातं क्रमाने, उघडपणे शिकवलं तर मुलं जास्त चांगली वाचतात. पण तो अभ्यास इंग्रजीचा, हेही बाईंनीच पुढे जोडलं. आपल्याकडे एकेका अक्षरात व्यंजन आणि स्वर एकत्र, वर काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं. चिन्हंच इतकी की ती पक्की व्हायला जास्त वर्षं लागतात. त्यामुळे ‘महिन्यात वाचन’ असली आश्वासनं त्या देत नाहीत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते आणि आवाज नंतर येतो, यावर तर त्यांनी आठवडा घालवला. रफार अजून चालू आहे. त्र्यंबकेश्वरच्या बसची पाटी लेक आता ‘त’, ‘र’, ‘य’ असं सोडवत वाचते, तोवर बस निघून जाते.

आता नाराजी. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्दांचं उद्दिष्ट आहे, म्हणून बाई दर शनिवारी घड्याळ लावतात, तेही सगळ्यांसमोर. आमचं कार्टं मग शर्यतीसारखं पळवतं, आणि गोष्टीत काय झालं विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघतं. बाईंना सांगितलं, त्या “बघू” म्हणाल्या. अजून बघतायत.

दुसरं, मोठ्याने वाचून दाखवणं फार कमी. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्येच मांडलं आहे की वाचन म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषेची समज. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तरही शून्य. ‘लाल कमान’ वाचून शब्दसंग्रह वाढत नाही. ती बाजू आम्ही घरी सांभाळतो. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट फुकट आहे, मराठी गोष्टी पातळीनुसार लावलेल्या आहेत, प्रिंटही काढता येतात. रात्री दुकान बंद करून आले की मी वाचते, ती ऐकते.

फी महिना ८०० रुपये, फक्त रोख. एका वेळी आठच मुलं घेतात. गल्लीत चारचाकी शिरत नाही आणि जिना अंधारा आहे. ज्यांना इंग्रजीही सोबतच हवं आहे त्यांनी जाऊ नये, बाई ठाम नाही म्हणतात. मूल अडखळत का होईना स्वतः अक्षरं लावून वाचत असेल, तर पैसे वाचवा आणि गोष्टी आणा. पण पाठांतरावर चाललं असेल तर दिवाळीनंतरच्या बॅचसाठी आत्ताच सांगून ठेवा.