रोजच्या वापरात माझ्दा आरएक्स-७ : चार वर्षांनंतरचा अभिप्राय

जुनी टर्बो रोटरी गाडी (दट्ट्यांऐवजी फिरते रोटर आणि एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा टर्बो असलेली) रोज चालवता येते का, असे मला गाडी घेतल्यापासून अनेकांनी विचारले आहे. तिसऱ्या पिढीची माझ्दा आरएक्स-७, म्हणजे जिला सगळे ‘एफडी’ म्हणतात ती, चार वर्षे रोज कामावर नेल्यानंतर माझे उत्तर असे आहे की ही गाडी रोज चालवल्याने खराब होत नाही, थोडेथोडे अंतर चालवल्याने होते. माझे कामाचे ठिकाण २८ किलोमीटरवर आहे आणि त्यातला बराचसा रस्ता मोकळा आहे. हेच अंतर चार किलोमीटर असते, तर मी ही गाडी रोजच्या वापराला कोणालाही सुचवली नसती, मग ती मला कितीही प्रिय असो.

याचे कारण इंजिनच्या रचनेत आहे. १३बी-आरईडब्ल्यू या इंजिनात दट्ट्यांच्या जागी दोन त्रिकोणी रोटर फिरतात, प्रत्येकी ६५४ सीसीचे, मिळून १,३०८ सीसी. प्रत्येक रोटरच्या तिन्ही टोकांवर ‘अपेक्स सील’ नावाची धातूची अरुंद पट्टी बसवलेली असते आणि ती आवरणाच्या आतल्या भिंतीला सतत घासत राहते. या घर्षणासाठी एक छोटा पंप मोजून-मापून ऑइल आत सोडतो, म्हणजे या इंजिनने थोडे ऑइल खाणे हा बिघाड नसून तशी रचनाच आहे. इंजिन थंड असताना पेट्रोल जास्त सोडले जाते आणि ते जास्तीचे पेट्रोल भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकते. तो थर नुसते वंगण नसतो, कॉम्प्रेशन (इंजिनात मिश्रण दाबले जाण्याचा जोर) टिकवण्यातही त्याचा वाटा असतो. इंजिन पुरते तापण्याआधीच ते रोज बंद करणे गाडीला किती महागात पडते, हे यावरून लक्षात यावे.

हे मी पहिल्याच वर्षी अनुभवातून शिकलो. एका रविवारी शेजाऱ्यांची गाडी बाहेर काढता यावी म्हणून मी माझी गाडी जेमतेम दहा फूट पुढे घेतली आणि लगेच बंद केली. संध्याकाळी सेल्फ मारला तेव्हा इंजिन नेहमीपेक्षा वेगाने आणि अगदी हलके फिरत राहिले. एरवी सेल्फ मारताना ऐकू येणारे फस्‌-फस्‌-फस्‌ असे ठरावीक ठोके गायब झाले होते. आतला ऑइलचा थर पेट्रोलने धुऊन गेला होता आणि कॉम्प्रेशन उरले नव्हते. इंधनपंपाचा रिले काढला, चारही प्लग बाहेर काढले, इंजिन नुसते फिरवून आतले पेट्रोल बाहेर घालवले, प्लगच्या भोकांतून चमचाभर ऑइल सोडले, आणि मग गाडी दाट पांढरा धूर सोडत सुरू झाली. चूक सर्वस्वी माझी होती. प्लग परत बसवताना खालचे ‘लीडिंग’ आणि वरचे ‘ट्रेलिंग’ यांची अदलाबदल होऊ देऊ नये, कारण ते वेगवेगळ्या उष्णतामानाचे असतात. तेव्हापासून गाडी जागची हलवायची असली तरी मी निदान दहा मिनिटे फिरवून आणतो.

रोजची शिस्तही तशी सोपी आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर उभ्या जागी तापवत न बसता मी हळूहळू निघतो, कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) ८० अंशांवर जाईपर्यंत ३,००० आरपीएम ओलांडत नाही, आणि पोहोचण्याआधीचे शेवटचे दोन-तीन किलोमीटर टर्बोवर जोर न देता चालवतो. इंजिन पुरते तापले की मात्र मोकळ्या रस्त्यावर तिला दिवसातून एकदा तरी वरच्या आरपीएमपर्यंत जाऊ द्यावे, असे माझे ठाम मत आहे. सतत जपून, खालच्या आरपीएमवर चालवलेल्या रोटरीत कार्बन साचतो आणि सील आपल्या खाचेत अडकू लागतात.

आणि ते वरचे आरपीएम म्हणजे या गाडीचे खरे देणे आहे. १,८०० च्या आसपास पहिला टर्बो दाब देऊ लागतो, ४,५०० च्या सुमारास क्षणभर ओढ कमी झाल्यासारखी वाटते आणि दुसरा टर्बो सामील झाला की डॅशबोर्डवरच्या मीटरांच्या मधोमध बसवलेल्या टॅकोमीटरचा (आरपीएम दाखवणाऱ्या मीटरचा) काटा ८,००० कडे कसलीही थरथर न होता सरकतो. रोटर शाफ्टच्या एक-तृतीयांश वेगानेच फिरत असतो आणि दट्ट्यासारखे काहीही वर-खाली होत नसते, म्हणून ही शांतता. सुरुवातीच्या गाड्यांची २५५ पीएस ताकद आज कागदावर फार मोठी दिसत नाही, पण सुमारे १,३०० किलो वजन, पुढच्या-मागच्या चाकांवर त्याची जवळजवळ समान विभागणी आणि पुढच्या चाकांच्या आसाच्या मागे खाली बसवलेले छोटे इंजिन, यांमुळे वळणात शिरताना गाडीचे नाक जसे वळते तसे वळणारी दुसरी गाडी मी चालवलेली नाही.

आता उष्णतेविषयी, कारण वयापेक्षाही या गाडीचा मोठा शत्रू तीच आहे. दोन टर्बोंचे काम क्रमाने चालवण्यासाठी बॉनेटखाली व्हॅक्यूमच्या बारीक रबरी नळ्यांचे आणि सोलेनॉइडांचे (विजेवर उघडझाप करणाऱ्या झडपांचे) अक्षरशः जंगल आहे. ही गाडी १९९१ मध्ये जपानात आली आणि २००२ पर्यंत बनत राहिली, म्हणजे सर्वांत नवी गाडीही आज दोन दशकांहून जुनी आहे आणि तिच्या मूळ नळ्या त्या उष्णतेत कडक होऊन तडकलेल्या असणार. दुसरा टर्बो मध्येच येईनासा झाला, तर टर्बो बदलायला धावू नये, आधी नळ्या तपासाव्यात. मी सगळ्या सिलिकॉनच्या बसवून घेतल्या, आणि त्यानंतर तो त्रास पुन्हा उद्भवला नाही. कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लॅस्टिकची टाकीही काढून ॲल्युमिनियमची बसवावी. डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर विसंबून राहू नये. तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मधोमधच उभा राहतो, आणि तो वर चढलेला दिसेपर्यंत आतल्या कूलंट सीलचे नुकसान होऊन गेलेले असते. म्हणून अंश दाखवणारा वेगळा डिजिटल मीटर मी पहिल्याच महिन्यात लावला. या गाडीवर केलेला सर्वांत शहाणपणाचा खर्च मी त्यालाच म्हणेन.

मोकळा एक्झॉस्ट लावण्याचा मोह मात्र आवरावा. अडथळा कमी झाला की टर्बोचा दाब मर्यादेबाहेर चढतो, त्या प्रमाणात पेट्रोल पुरत नाही, मिश्रण अवेळी पेटून आत ठोका बसतो आणि अपेक्स सील तुटते. तुटलेला तुकडा बाहेर जाताना टर्बोची पातीही घेऊन जातो. जास्त ऑक्टेनचे पेट्रोलही याच कारणासाठी लागते, त्यात काटकसर नको.

ॲव्हरेजचे म्हणाल तर गर्दीत लिटरला सहा-सात किलोमीटर, मोकळ्या रस्त्यावर नऊच्या आसपास. टाकी ७६ लिटरची असल्याने पंपावर वारंवार जावे लागत नाही इतकेच. प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना डिपस्टिक बघावी आणि दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलावे. बसण्याची जागा दोघांना उत्तम आहे, सामानाची जागा आठवड्याच्या बाजारापुरती आहे, आणि उंच गतिरोधक तिरके ओलांडावे लागतात.

घेण्याचा विचार असेल, तर रंग आणि किलोमीटर बाजूला ठेवून आधी गरम इंजिनचे कॉम्प्रेशन तपासून घ्यावे, तेही रोटरीसाठीच्या खास यंत्रावर. साधा गेज एका रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा दाखवतो आणि मेलेली बाजू झाकली जाते. खास यंत्र दोन रोटरांचे मिळून सहा आकडे देते, आणि ते एकमेकांच्या जवळ असणे हे त्यांच्या मोठेपणाइतकेच महत्त्वाचे असते. विकणारा हे तपासू देत नसेल, तर तिथून निघावे. माझ्या गाडीची ही तपासणी मी दरवर्षी करून घेतो आणि सहाही आकडे एका वहीत लिहून ठेवतो. चार वर्षे आणि सुमारे ५०,००० किलोमीटरनंतर पहिल्या पानावरचे सहा आणि या महिन्यात लिहिलेले सहा यांत फार थोडा फरक पडला आहे.