४५ पौंडांची जुनी रॅले, एक अख्खा हिवाळा चालवल्यावर

मिरजेला अण्णांच्या सायकल दुकानात हिरो आणि ॲटलस रोज यायच्या. रॅले क्वचित यायची, आणि आली की अण्णा हातातलं काम बाजूला ठेवून आधी तिच्याभोवती एक चक्कर मारायचे. ती कुठून येते हे तेव्हा मला माहीत नव्हतं. आज मी नॉटिंगहॅमजवळ बीस्टनला राहते आणि विद्यापीठाच्या ज्युबिली कॅम्पसमधल्या प्रयोगशाळेत काम करते. हा कॅम्पस रॅलेच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभा आहे. शहरातल्या रॅले स्ट्रीट नावाच्या रस्त्यावरच्या एका छोट्या कारखान्यावरून कंपनीला नाव मिळालं, १८८८ मध्ये फ्रँक बोडेन यांनी ती हातात घेतली, आणि २००२ मध्ये नॉटिंगहॅममधलं उत्पादन बंद झालं. त्यामुळे हिवाळ्यासाठी एक स्वस्त जुनी सायकल घ्यायची ठरवल्यावर दुसरं कुठलं नाव डोक्यात आलंच नाही.

हिवाळ्यासाठी वेगळी सायकल कशाला, असं भारतातले मित्र विचारतात. कारण इथे रस्त्यावर मीठ टाकतात. रात्री पारा शून्याखाली जाणार असं दिसलं की संध्याकाळीच गाड्या फिरून तपकिरी खडेमीठ पसरून जातात. ब्रिटनमधलं असं बरंचसं मीठ चेशरमधल्या विन्सफर्डच्या खाणीतून येतं. ती खाण १८४४ मध्ये सुरू झाली. मिठाचं पाणी चेनमध्ये, छर्ऱ्यांत, केबलमध्ये शिरतं आणि दोन महिन्यांत सायकल खाऊन टाकतं. चांगली सायकल त्यात घालायला जीव धजावत नाही.

माझी सायकल सत्तरच्या दशकाच्या अखेरची रॅले रेकॉर्ड. लाल रंग, वळलेलं रेसिंग हँडल, पुढे दोन आणि मागे पाच चक्रं, साधं पोलाद, वजन अंदाजे तेरा किलो. एका आजोबांच्या गॅरेजमध्ये ती बरीच वर्षं उभी होती. त्यांनी साठ पौंड सांगितले. मी हँडलचा खुंट हलवून पाहिला, तो जॅम होता. ते दाखवल्यावर पंचेचाळीसला दिली.

अशी सायकल घेताना रंग आणि गंजाचे ठिपके बघू नका. हँडलखालच्या पुढच्या उभ्या नळीमागे, खालच्या तिरक्या दांड्यावर बोटं फिरवा. तिथे रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर ती सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे, सोडून द्या. मग सीटची नळी आणि हँडलचा खुंट फिरतो का बघा. ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात वर्षानुवर्षं एकत्र राहिले की एकमेकांना धरून बसतात, आणि कधीकधी करवतीशिवाय सुटत नाहीत. माझा सुटला, पण तीन दिवस लागले. रोज रात्री गंज सोडवणारं तेल सोडायचं, बोल्ट चार आटे ढिला करून डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी मारायची. तिसऱ्या रात्री आतली पाचर ‘टक्’ करून खाली पडली. तो आवाज ऐकून मी एकटीच स्वयंपाकघरात टाळ्या वाजवल्या.

मग पूर्ण ओव्हरऑइलिंग. हा शब्द इथे कुणाला कळत नाही, पण मिरजेत लहान पोरालाही कळतो: सगळी सायकल खोलायची, धुवायची, ग्रीस भरून परत बांधायची. सगळ्यात मोठी धास्ती कॉटरची होती. या सायकलीच्या क्रँक, म्हणजे पॅडलचे दांडे, आपल्याकडच्या काळ्या सायकलींसारख्याच कॉटर पिनवर, म्हणजे ठोकून बसवलेल्या पोलादी खिळीवर बसतात. इथल्या एका दुकानाने मला सांगितलं की कॉटरवाल्या सायकलीला आम्ही हात लावत नाही. मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला. ते चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ नुसते बघत राहिले आणि मग म्हणाले, “अगं, नट पूर्ण काढू नकोस. आट्याच्या टोकाला लेव्हलमध्ये आणून ठेव, नाहीतर हातोडीने आटे जातील. आणि क्रँकखाली पाइपचा तुकडा उभा धर, म्हणजे मार छर्ऱ्यांवर जायचा नाही. मग एकच घाव. भीत भीत दहा मारू नकोस.”

उजवीकडचा एका घावात सुटला, डावीकडच्याला तीन लागले. जुन्या पिना वाकल्या होत्या, त्यामुळे नव्या घातल्या. बसवताना दोन्ही पिना उलट दिशांनी घालायच्या, हे मात्र मला लहानपणापासून पाठ आहे. एकाच बाजूने घातल्या की दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत आणि सायकल लंगडल्यासारखी चालते.

बॉटमच्या, म्हणजे क्रँकचा ॲक्सल जिथे फिरतो त्या आडव्या नळीतल्या, कपांना हात लावण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. त्या काळच्या नॉटिंगहॅमच्या साध्या मॉडेलांवर बहुतेक इंचाला २६ आटे असतात, तर इतर इंग्लिश सायकलींवर २४. नळीची रुंदीही ६८ ऐवजी ७१ मिलिमीटर असू शकते. म्हणून आजच्या बाजारातला सीलबंद बॉटम सरळ बसेल असं धरून चालू नका. मला त्याची गरज पडली नाही. कप आणि ॲक्सल गुळगुळीत निघाले, प्रत्येक बाजूला पाव इंची अकरा छर्रे नवे टाकले, बोटीला वापरतात तसलं पाण्याला दाद न देणारं घट्ट ग्रीस भरलं. नळ्यांच्या आतून मेणयुक्त गंजरोधक फवारला आणि सायकल रात्रभर उलटीसुलटी ठेवली. त्याचा वास आठवडाभर घरात होता. तरी हे काम टाळू नका, कारण पोलादी फ्रेम गंजते ती आतून.

आता मुख्य मुद्दा. तुमच्याकडे एकाच गोष्टीला पैसे असतील तर चाकांना द्या. या सायकलीला मूळची क्रोम चढवलेली पोलादी रिम होती. कोरड्यात ती ठीक. ओली झाली की ब्रेकचं रबर तिच्यावरून नुसतं सरकतं. मिरजेच्या पावसाळ्यात दांड्याच्या ब्रेकची सायकल चालवलेल्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. ब्रेक आवळायचा, मनात चार मोजायचे आणि चपला रस्त्याला टेकवायच्या. इथे नोव्हेंबर ते फेब्रुवारी रस्ता जवळजवळ रोज ओला असतो आणि चौकात मोटारी असतात. पोलादी रिमवर मी फक्त दोन दिवस चालवली. दुसऱ्या दिवशी युनिव्हर्सिटी बुलेव्हार्डच्या सिग्नलला पांढरी रेघ ओलांडून पुढे गेले. त्याच संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवली आणि चाकं बदलेपर्यंत हलवली नाही.

शहरातल्या एका स्वयंसेवी सायकल कार्यशाळेत ॲल्युमिनियम रिमची जुनी जोडी चाळीस पौंडांना मिळाली. मागचा हब १२६ मिलिमीटरचा आणि माझ्या फ्रेमची जागा १२० ची. पोलाद असल्यामुळे चिंता नव्हती: दोन्ही बाजू हातांनी तीन-तीन मिलिमीटर फाकवल्या की चाक आत जातं. कार्बनच्या फ्रेमवर असलं काही करू नका. चाकाचा आउट, म्हणजे रिमचा वाकडेपणा, मी स्वतः काढला, आणि कूल-स्टॉपची तांबूस ब्रेक रबरं लावली. ही रबरं ओल्यात धरतात, पहिल्याच पावसात फरक कळला. ब्रेकच्या लिव्हरला जोडलेले ते आडवे जादा दांडे मी काढून टाकले, कारण ते दाबले की आधी स्वतःच वाकतात आणि मग ब्रेक लागतो. केबल सगळ्या स्टेनलेस.

चाकाचा आकार बदलायचा का, यावर मी खूप डोकं चालवलं. या सायकलींना २७ इंची चाक असतं आणि आजकाल सगळीकडे ७०० सी हे किंचित लहान माप. बदललं तर ब्रेकची रबरं चार मिलिमीटर खाली आणावी लागतात, मडगार्डला तेवढीच जागा जास्त मिळते. मी २७ वरच राहिले, कारण श्वाल्बेचे मॅरेथॉन टायर सत्तावीस-सव्वामध्ये नवे मिळतात. जोडीला पन्नास पौंड पडले. जड आहेत, पहिल्या चढावर जाणवतं. पण ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत एकही पंक्चर झालं नाही, आणि अंधारात हात गारठलेले असताना चाक खोलायची वेळ आली नाही याचं मोल मला पन्नास पौंडांहून जास्त वाटतं. तुमच्या गावात महिनोन्‌महिने बर्फ गोठून राहत असेल तर मात्र ७०० सी घ्या. खिळ्यांचे टायर त्यात मिळतात, २७ मध्ये मला सापडले नाहीत. इथे तसे दिवस मोजके. तेव्हा मी ट्रामने जाते.

ट्रामवरून आठवलं. बीस्टनला ट्रामचे रूळ रस्त्यातच आहेत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात घाईत मी ते तिरकस ओलांडले, पुढचं चाक रुळावरून सरकलं आणि मी गुडघ्यावर पडले. ओले रूळ काटकोनातच ओलांडायचे, टायर कितीही चांगला असो.

मडगार्ड पूर्ण लांबीचे घ्या. सीटच्या नळीला अडकवतात तो अर्धा तुकडा पाठ वाचवतो, पण चेन, बॉटम आणि बूट नाही वाचवत. मी आधी पैसे वाचवायला अगदी स्वस्त जोडी आणली. तिच्या तारा तीन आठवड्यांत खडखडायला लागल्या आणि एक क्लिप तुटली. मग पस्तीस पौंडांचे एसकेएसचे घेतले, ते आजही हलत नाहीत. पुढच्या मडगार्डच्या टोकाला दुधाच्या प्लास्टिक बाटलीचा तुकडा कापून लावला आहे, जवळजवळ जमिनीला टेकेल इतका. ज्या दिवशी तो लावला त्या दिवसापासून मोजे कोरडे.

गिअरबद्दल थोडक्यात: तिरक्या दांड्यावरचे जुने खटके तसेच ठेवा. त्यांना ‘क्लिक’ नाही, त्यामुळे मिठाने केबल जरा घट्ट झाली तरी गिअर बिघडत नाही. तुम्ही बोटाने केसभर सरकवता आणि चेन जागेवर येते. मागे पाचऐवजी सहा चक्रांचं फ्रीव्हील टाकलं तरी त्यांना फरक पडला नाही. जाड हातमोज्यांतूनही हे खटके हाताळता येतात.

दिव्यांवर हात आखडू नका. डिसेंबरच्या अखेरीस इथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि चारच्या आत मावळतो, म्हणजे मी जाते अंधारात आणि येते अंधारात. पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर हे कायद्याने लागतंच. पॅडलवरचे पिवळे रिफ्लेक्टर १ ऑक्टोबर १९८५ नंतर बनलेल्या सायकलींनाच सक्तीचे आहेत, तरी मी लावले. मोटारवाल्याला लांबून वरखाली होणारे दोन ठिपके दिसले की पुढे माणूस पाय मारतो आहे हे त्याला लगेच कळतं.

एकूण खर्च: सायकल ४५, चाकं ४०, टायर ५०, मडगार्ड ३५, आणि ट्यूब, फ्रीव्हील, चेन, केबल, रबरं, कॉटर, छर्रे, ग्रीस, हँडलची टेप धरून आणखी ९५. म्हणजे २६५ पौंड, आणि दिवे ५५ वेगळे. ‘४५ पौंडांची सायकल’ असं कुणी सांगितलं तर हा आकडा लक्षात ठेवा. मजुरी यात नाही. स्वतः पाना धरणार नसाल आणि जवळ कार्यशाळाही नसेल, तर ही वाट धरू नका. दुकानाची मजुरी धरली की हिशेब बसत नाही. ज्याला पाना धरायला आवडतो त्याला मी डोळे झाकून घ्या म्हणेन. रस्त्यावरचे खड्डे ही लांबलचक पोलादी फ्रेम माझ्या नव्या ॲल्युमिनियमच्या सायकलपेक्षा सौम्य करून हातापर्यंत पोहोचवते. सकाळी ट्रायम्फ रोडवरून जाताना तिचा कुरकुर असा एकही आवाज नसतो, फक्त फ्रीव्हीलची टिकटिक.

देखभाल म्हणाल तर मीठ पडलेल्या दिवशी घरी आल्यावर बादलीभर साधं पाणी हळूच ओतायचं. जोराच्या फवाऱ्याने धुवायची नाही, पाणी हबमध्ये घुसतं. दर रविवारी चेन पुसून तेल.

मार्चमध्ये दोन्ही हब उघडले तेव्हा अण्णा फोनवर होते. पुढचा स्वच्छ निघाला. मागच्याच्या डाव्या बाजूचं ग्रीस चहासारखं झालं होतं, कोनावर, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात त्या भागावर, बारीक खड्डे पडले होते आणि नऊ छर्ऱ्यांपैकी चार काळे. फोन छर्ऱ्यांजवळ न्यायला सांगून अण्णांनी ते एक-एक पाहिले आणि म्हणाले, “मागचं चाक जानेवारीतच उघडायला पाहिजे होतंस.” कोन सात पौंडांना मिळाला. या वर्षी नाताळच्या सुट्टीनंतरचा पहिला रविवार मी मागच्या चाकासाठी ठेवला आहे.