वॉरहॉलचं सामान: लिलाव की संग्रहालय?

अमेरिकन पॉप-आर्ट चित्रकार अँडी वॉरहॉल 1987 मध्ये गेला, पण त्याच्या वस्तूंना दोन वेगळ्या वाटा मिळाल्या.

न्यूयॉर्कमधलं घर दागिने, फर्निचर, घड्याळं यांनी खच्चून भरलेलं होतं. 1988 मध्ये सदबीज या लिलाव कंपनीने 10 दिवस लिलाव केला आणि सुमारे अडीच कोटी डॉलर आले. बिस्किटं ठेवायच्या साध्या बरण्यांनाच जवळपास अडीच लाख डॉलर मिळाले! किंमत अर्थातच मालकाच्या नावाची. पैसा कलावंतांना मदत करणाऱ्या त्याच्या संस्थेकडे गेला, म्हणजे सत्कारणी लागला. संग्रह मात्र कायमचा विखुरला.

दुसरीकडे त्याची 610 ‘टाइम कॅप्सूल’. त्यातली बहुतेक पुठ्ठ्याची खोकी. पत्रं, बिलं, फोटो, हाताला येईल ते त्यात टाकून तो खोकं बंद करायचा. एकात तर ममीचा पाय निघाला. ही खोकी पिट्सबर्गच्या संग्रहालयात एकत्र आहेत. एकेक कागद नोंदवणं, जपणं हे वर्षानुवर्षांचं खर्चिक काम. पण कोणतं बिल कोणत्या पत्राशेजारी पडलं होतं, हे तिथेच कळतं.

माझं मत? बरण्या विकल्या ते ठीकच. खोकी फुटली असती तर माणूसच हरवला असता.