पावसाळाभर खेळून झालं, आता त्या नकाशांबद्दल सांगतो

आमच्या संभाजीनगरच्या ग्रुपनं उन्हाळ्यात टेबलटॉप रोलप्लेइंगचा, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र होऊन खेळायच्या खेळाचा, एक अ‍ॅडव्हेंचर सेट घेतला, पुस्तक, घडीचे नकाशे, तयार कॅरेक्टर, डाइस, सगळं एका डब्यात. नाव टाकत नाही कारण जे सांगायचंय ते बऱ्याच सेटमधे असतंय. पावसाळाभर रविवारी खेळलो, डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, मीच. गोष्ट लय भारी आहे, व्हिलन डोक्यात बसतो, गावातली माणसं खरी वाटतात, त्यात काही बोलायला जागाच नाही. पण नकाशे. नकाशांनी जीव खाल्ला.

प्रॉब्लेम असा की पुस्तकातल्या प्रत्येक नकाशाची उत्तर दिशा वेगळीकडं. मोठ्या प्रदेशाच्या नकाशावर उत्तर वर, ते ठीक. मग डोंगरातला अड्डा येतो. त्याचं तोंड उगवतीला, म्हणजे पार्टी, खेळाडूंच्या पात्रांची टोळी, आत शिरताना मावळतीकडं चाललेली असते. पण छापताना दार पानाच्या खालच्या बाजूला घेतलंय, म्हणजे पानाची वरची बाजू पश्चिम आणि उत्तर उजवीकडं. बाण आहे, नाही असं नाही, पण कोपऱ्यात नखाएवढा आणि तोही नक्षीत हरवलेला. असं का करतात तेही कळतं, पान उभं असतं, नकाशा आडवा असला की फिरवून बसवतात, आणि दार खाली ठेवलं की डीएमला आत जायची वाट खालून वर वाचता येते. सोय आहे ती, मान्य. फक्त मग मजकूरही त्याच हिशोबानं लिहा ना.

आमच्याकडं काय झालं ते सांगतो. एक ताई ग्राफ पेपर घेऊन नकाशा काढतात, जुन्या पद्धतीनं, डीएम सांगेल तसं चौकोन मोजत, एक चौकोन पाच फूट. मोठ्यानं वाचायचा मजकूर होता, उत्तरेच्या दारातून पाण्याचा आवाज येतोय. ताई म्हणल्या, "अरे उत्तर म्हणजे कागदावर वर ना?" आणि बॅटल मॅटवर, म्हणजे टेबलावर अंथरायच्या चौकोनांच्या चटईवर, पुस्तकातल्यासारखंच दार खाली काढलेलं, त्यामुळं सगळ्यांच्या डोळ्यासमोर वरचं दार. चोराचं कॅरेक्टर खेळणारा पोरगा दबकत त्या दारातून गेला ते थेट गॉब्लिन नावाचे राक्षस झोपलेल्या खोलीत, पाणी राहिलं उजव्या हाताला. मग "दादा तुम्ही तर उत्तर म्हणले होते" आणि पुढचा सगळा वेळ कोण कुठं उभं होतं यावरच गेला. तळघरात उतरल्यावर तर कहर, त्या मजल्याचा नकाशा पुन्हा उत्तर वर! वरच्या मजल्यावर जिना पानाच्या उजव्या टोकाला, खालच्या मजल्यावर तोच जिना पानाच्या वरच्या टोकाला. दोन्ही कागद एकावर एक ठेवून सगळे जिना शोधायलेत आणि तो सापडंना. खालचा कागद उजवीकडं पाव फेरा फिरवला की चपखल बसतो, पण हे पुस्तकात एका ओळीनंही सांगितलेलं नाही.

दुसरी गोष्ट डावं उजवं. मजकुरात "डावीकडे लोखंडी दार" असं बिनधास्त लिहितात, पण पार्टी कुठल्या दारानं आली त्यावर डावं बदलतं की. आपलं वेरूळ घ्या. डोंगर मावळतीला तोंड करून आहे, लेण्यांचे नंबर दक्षिणेकडून उत्तरेकडं १ ते ३४. १६ नंबरच्या कैलासात शिरलात की तोंड पूर्वेला, डावा हात उत्तरेला. आत वळसा घालून परत दाराकडं वळलात की तोच डावा हात दक्षिणेला. उत्तर मात्र जागची हलत नाही. म्हणून आता मी खोलीची चतुःसीमाच सांगतो, खरेदीखतात असते तशी, पूर्वेस विहिरीची खोली, पश्चिमेस भिंत, दक्षिणेस जिना, उत्तरेस बोळ. घरी शेती असलेल्या पोरांना तर हे एकदम पटलं. प्रत्येक खोलीचं कार्ड खेळाच्या आधी लिहून ठेवतो आणि मॅटच्या कडेला लाल टेपचा मोठा बाण चिकटवलाय, कारण टेबलाच्या पलीकडं बसलेल्याला सगळा नकाशा उलटाच दिसतो, त्याला वर खाली सांगून काय उपयोग. तेव्हापासून खेळ पळायलाय.

उत्तर वरच पाहिजे असा माझा हट्ट नाहीये. अल इद्रिसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर होती, युरोपात मध्ययुगात पूर्व वर ठेवायचे, चालायचं त्यांचं. एका पुस्तकात एकच पद्धत ठेवा एवढंच म्हणणं. आणि नियमांतही दिशेला किंमत आहे, डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत २०१४ च्या नियमांत कीन माइंड नावाचं फीट, म्हणजे कॅरेक्टरला घेता येणारं खास कसब, आहे, ते घेतलेल्या कॅरेक्टरला उत्तर कुठं हे कायम माहीत असतं. आमच्यातल्या एकीनं हौसेनं घेतलं होतं ते. आता पुस्तकच उत्तर धड सांगत नसेल तर तिनं त्या फीटचं करायचं काय?

वाट चुकवायचीच असेल तर खुशाल चुकवा, मला ते आवडतंच. दौलताबादची अंधारी त्यासाठीच केलेली, वळणं, पायऱ्या, काळोख, शत्रूला आपण कुठं आहोत ते कळूच नये. पण तिथंही गोंधळ आत शिरणाऱ्याचा, किल्लेदाराला वाट पाठ. अ‍ॅडव्हेंचरमधे किल्लेदार म्हणजे डीएम, त्याच्या हातातला नकाशा स्वच्छच पाहिजे.

तरी सेट घ्याच म्हणीन, गोष्टीला साडेचार, नकाशांना दोन. घ्यायच्या आधी प्रीव्ह्यू मिळाला तर एकाच इमारतीच्या दोन मजल्यांचे नकाशे शेजारी ठेवून जिना जुळतो का बघा, आणि वाचायच्या मजकुरात डावीकडे उजवीकडे किती वेळा येतंय तेही चाळा. दुसरा भाग आम्ही दिवाळीनंतर घेणार आहोत, त्यातले सगळे नकाशे मी आधी उत्तर वर करून पुन्हा काढणार, ताई अर्धे काढून देतो म्हणल्यात.