टर्बोखालची अदृश्य गळती आणि हातपंपाचा प्रेशर टेस्टर : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये मी कूलिंग सिस्टिम तपासण्याचा हातपंपाचा प्रेशर टेस्टर ऑनलाइन मागवला. एक छोटा पंप, त्यावर अडीच बारपर्यंतचा (बार हे दाबाचे एकक) काटा, दीड हाताची रबरी नळी आणि निरनिराळ्या गाड्यांच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाक्यांना बसणारी डझनभर झाकणे, असा तो संच आहे. त्याला आता आठ महिने झाले. वस्तू कशी आहे हे सांगण्याआधी ती का घ्यावी लागली हे सांगणे आवश्यक आहे, कारण तिचा खरा उपयोग त्या प्रकरणातच कळला.

माझी गाडी २०१९ सालची, एक लिटरची, तीन सिलिंडरांची टर्बो पेट्रोल आहे (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा). आठवड्यातून एकदा सातारा ते पुणे आणि परत, असा तिचा ठरलेला प्रवास. ७८ हजार किलोमीटर झाल्यानंतर लक्षात आले की तीन खेपांत, म्हणजे साधारण सातशे किलोमीटरमध्ये, कूलंटची पातळी दोनशे मिलिलिटरने उतरते. पार्किंगच्या फरशीवर डाग नाही, तापमानाचा काटा जागच्या जागी, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, ऑइलच्या झाकणाखाली साय नाही आणि पायाखालचे कार्पेटही कोरडे. घाट चढून गाडी थांबवली की मात्र बॉनेटपाशी क्षणभर गोडसर वास यायचा.

पहिल्या वर्कशॉपमध्ये टाकीचे झाकण बदलले. तो अंदाज अगदीच गैर नव्हता, कारण झाकणातला व्हॉल्व्ह सैल झाला तर कूलंट वाफेच्या रूपाने निघून जाऊ शकते. पण पातळी उतरतच राहिली. दुसऱ्या वर्कशॉपमध्ये प्रेशर लावून दहा मिनिटे पाहिले, काटा हलला नाही, म्हणून बाहेर गळती नाही असे ठरवले आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेले असणार, हेड उतरवावे लागेल, असे सांगितले. खर्चाचा आकडा ऐकून मी गाडी घरी आणली. हेड उतरवण्याला माझा विरोध नव्हता. पण इतका मोठा निर्णय केवळ दहा मिनिटांच्या तपासणीवर घेणे मला पटले नाही.

सर्वांत आधी मी गॅस्केटचाच प्रश्न निकाली काढला. त्यासाठी निळ्या द्रावणाची वेगळी चाचणी मिळते. चालू इंजिनाच्या कूलंटच्या टाकीतली हवा त्या द्रावणातून ओढून घ्यायची. सिलिंडरमधला जळलेला वायू कूलंटमध्ये शिरत असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निळे द्रावण पिवळे पडते. इंजिन पूर्ण तापवून मी ती दोनदा केली आणि दोन्ही वेळा द्रावण निळेच राहिले. तेव्हा गळती बाहेरच असणार, हे मी मनाशी पक्के केले आणि टेस्टर मागवला.

पहिल्याच वापरात माझी चूक झाली आणि ती नव्याने घेणाऱ्या कोणाचीही होऊ शकते. गाडी फिरवून आणल्यावर, इंजिन कोमट असताना मी प्रेशर भरले. अर्ध्या तासात काटा १.१ वरून ०.८ वर आला आणि गळती सापडल्याचा मला आनंद झाला. प्रत्यक्षात इंजिन थंड होत गेले की आतली हवा आणि कूलंट दोन्ही आकसतात, आणि गळती नसतानाही काटा उतरतो. म्हणून तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड इंजिनावरच करावी. तापलेल्या गाडीचे झाकण कधीही उघडू नये, हे तर वेगळे सांगायला नकोच. निम्मे पाणी आणि निम्मे ग्लायकॉल असलेले कूलंट साध्या हवेच्या दाबाला सुमारे १०७ अंशांना उकळते, आणि दाबाखाली त्याहून बरेच जास्त तापूनही द्रवच राहते. झाकण सैल होताच ते उसळून अंगावर येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर १.१ बार भरले, कारण माझ्या झाकणावर तेवढाच आकडा आहे. पंप त्याच्या दुप्पट दाब देऊ शकतो, पण तो मोह टाळावा. रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या तेवढ्यासाठी बनवलेल्या नसतात. वीस मिनिटे गेली, काटा ढिम्म. दुसऱ्या वर्कशॉपने जे पाहिले तेच मलाही दिसले. मग ही पातळी उतरते कुठे, या विचारात मी बराच वेळ बॉनेटपाशी उभा होतो. उत्तर टाकीतच होते. कूलंटच्या वर जी हवा असते ती उशीसारखे काम करते. चार-पाच मिलिलिटर कूलंट बाहेर गेले तरी ती हवा किंचित पसरते आणि काट्यावर त्याचा मागमूसही दिसत नाही. म्हणून मी थंड कूलंट कमाल खुणेच्या किंचित वरपर्यंत भरले, म्हणजे हवेची जागा कमी झाली, आणि रात्री ९ वाजता १.१ वर काटा ठेवून झोपायला गेलो. सकाळी ६ वाजता काटा ०.९ वर होता. टेस्टरच गळत नाही ना, याची खात्री करण्यासाठी पुढच्या रात्री तो भावाच्या गाडीला लावला. तिथे सकाळी काटा जवळजवळ होता तिथेच राहिला.

गळती आहे हे काट्याने सांगितले, पण ती कुठे आहे हे काटा सांगत नाही, आणि टर्बोच्या गाडीत खरी अडचण इथेच असते. टर्बोच्या मधल्या भागात, जिथे शाफ्टचे बेअरिंग असते, तिथे कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात आणि त्या पोकळ बोल्टने, दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर घालून बसवलेल्या असतात. शेजारीच एक्झॉस्टचे कवच, जे चढावर कित्येकशे अंश तापते. तिथे गळलेला थेंब खाली पोहोचण्याआधीच चर्र होऊन जातो, आणि उरतो तो फक्त वास. थंड इंजिनावर दाब देण्याचा फायदा हाच, की थेंब जळत नाही आणि डोळ्यांना दिसू शकतो.

एअर फिल्टरचा डबा आणि टर्बोवरची हीट शिल्ड (उष्णता अडवणारा पत्रा) काढली, पुन्हा १.१ बार भरले आणि टॉर्चच्या उजेडात दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसला छोटा आरसा नळीच्या मागे धरला. परतीच्या नळीच्या बोल्टखाली गुलाबी-पांढरी, मिठासारखी खरखरीत पुटे बसली होती. वॉशरच्या कडेला ओलसर चमक आली, ती हळूहळू फुगली, अर्ध्या मिनिटाने थेंब सुटला आणि नळीवरून घरंगळत इंजिनाखालच्या आवरणावरील नमद्यात मुरला. फरशी कोरडी का राहत होती, तेही तेव्हाच कळले. तो थेंब पाहताना झालेले समाधान मला अजून आठवते. तीन महिन्यांची अनिश्चितता त्या एका ओल्या कडेवर संपली.

दुरुस्ती किरकोळ होती. ओळखीच्या मिस्त्रींनी दोन्ही बोल्टांचे चारही वॉशर नवे घातले (जुने वॉशर एकदा दबले की पुन्हा वापरू नयेत), ठरलेल्या टॉर्कवर बोल्ट आवळले, हीटर पूर्ण गरमवर ठेवून सिस्टिममधली हवा काढली आणि त्याच जातीचे कूलंट डिमिनरलाइज्ड पाण्यासह भरले. सांडलेले कूलंट मात्र आम्ही लगेच पुसून घेतले, कारण ते गोड असते आणि कुत्र्या-मांजरांनी चाटले तर जीवघेणे ठरते.

आता वस्तूविषयी. पंप आणि काटा यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. झाकणांच्या आतली रबरी रिंग पाच महिन्यांत कोरडी पडली आणि साबणाचे पाणी लावल्यावर तिथून बुडबुडे आले. सिलिकॉन ग्रीस लावल्यापासून ती ठीक आहे, पण ग्रीस संचातच द्यायला हवे होते. काट्यावर ०.१ च्या खुणा आहेत, त्याहून बारीक असत्या तर रात्रभराची वाट थोडी कमी झाली असती. पेटीची प्लॅस्टिकची कडी तुटली. शेजाऱ्यांच्या डिझेल गाडीला बसणारे झाकण संचात निघाले नाही. ते वेगळे घ्यावे लागले, मात्र ते बसवल्यावर हीटरच्या पाइपची सैल क्लिप दहा मिनिटांत सापडली.

जानेवारीत, थंडी असताना, मी माझी गाडी पुन्हा तपासली. रात्री १.१ वर ठेवलेला काटा पहाटे १.०५ वर दिसला आणि मनात धस्स झाले. टेस्टर तसाच लावून ठेवला. साडेदहाच्या सुमारास ऊन बॉनेटवर आले आणि काटा पुन्हा १.१ वर जाऊन थांबला.